एका जुन्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर

गेल्या महिन्यात सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी पौडला गेलो होतो. घरच्या जमिनीची वारसनोंद माझ्याच आळसामुळे बरीच वर्षे राहून गेली होती. उतारा हातात घेऊन चष्मा पुसत बाकावर बसलो, तर शेजारी एक गृहस्थ येऊन उभे राहिले आणि वाकून नमस्कार केला. माझाच जुना विद्यार्थी. आता पन्नाशी ओलांडलेला, कोळवण खोऱ्यात भाताची शेती करणारा.

त्याने माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवले. सातबाऱ्यावर 'आकार' नावाचा एक रकाना असतो, सरकारी साऱ्याचा. आमच्या एका भातखाचरापुढे तिथे तीन रुपये आणि काही पैसे, एवढा आकडा होता.

"गुर्जी, ह्यो तीन रुपयाचा आकडा कुठनं आला वो? कुणी ठरवला?"

मी काहीतरी सांगू लागलो, तेवढ्यात तो हसून म्हणाला, "तुमी मागं बी सांगितलं न्हवतं."

मला क्षणभर समजले नाही. मग आठवले, आणि खरे सांगतो, कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

साल १९८७ असावे. नववीच्या वर्गावर अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा धडा चालू होता. 'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही' ही घोषणा मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली होती. दरवर्षी लिहीत असे, आणि मुले वहीत उतरवून त्याखाली दोन रेघा मारत. त्या दिवशी शेवटच्या बाकावरून हा उठला आणि म्हणाला, "गुर्जी, ते अमेरिकेवालं म्हणलं, आमाला इचारल्याबिगर कर न्हाय. मग आपल्याकडं कुणी म्हणलं का असं?"

सहामाही जवळ आली होती आणि तीन धडे शिल्लक होते. मी म्हणालो, "ते पुढच्या धड्यात येईल. बस खाली."

ते पुढच्या धड्यात नव्हते. त्याच्या पुढच्यातही नव्हते. आणि मुळात मलाच ते माहीत नव्हते. शिक्षकाने 'मला माहीत नाही, बघून सांगतो' असे म्हणायला हरकत नसते, पण तेव्हा वय तरुण होते आणि खुर्चीचा मान फार वाटायचा. पोरगा खाली बसला. पुन्हा त्याने प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

तर मंडळी, हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. सदतीस-अडतीस वर्षे उशिरा. निवृत्तीनंतर अधूनमधून जे वाचले त्यातून जुळवले आहे.

आधी अमेरिकेचे थोडक्यात सांगतो, कारण ते मीही नीट सांगितले नव्हते. १७६३ मध्ये इंग्रजांचे फ्रेंचांशी चाललेले सात वर्षांचे युद्ध संपले. इंग्रज जिंकले, पण तिजोरी रिकामी झाली. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींच्या रक्षणासाठी खर्च झाला, तर त्यांनीही भार उचलावा, असे लंडनच्या पार्लमेंटला वाटले. १७६५ मध्ये स्टँप ॲक्ट आला. करारनामे, कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रे, इतकेच काय पत्त्यांचे जोडसुद्धा, सगळ्यावर सरकारी शिक्का हवा आणि शिक्क्याचे पैसे हवेत. वसाहतवाले बिथरले. त्याच वर्षी नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि म्हणाले, आमच्यावर कर बसवायचा तो आमच्या सभांनी. लंडनच्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही, तेव्हा त्यांना तो हक्क नाही. पुढच्या वर्षी कायदा मागे घ्यावा लागला. नंतर १७६७ मध्ये चहा, काच, कागद, रंग यांवर जकात आली. तीही बहुतेक उठली. चहावरची तेवढी ठेवली, पौंडाला तीन पेन्स.

मुलांना सांगायचा राहून गेलेला मुद्दा इथे आहे. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा अमेरिकेत स्वस्त होणार होता! तरीही १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या लोकांनी कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. भांडण तीन पेन्सांचे नव्हतेच. आम्हांला न विचारता एक पैसा घेतलात, तर उद्या सगळेच घ्याल, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे म्हण आहेच, म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो.

आणि ती कंपनी कोणती, तर आपलीच. म्हणजे पुढे आपल्या बोकांडी बसलेली. तिकडे अमेरिकेत युद्ध जुंपले असताना इकडे याच कंपनीची फौज बोरघाट चढून पुण्यावर चालून आली होती. जानेवारी १७७९ मध्ये महादजी शिंद्यांनी तिला वडगावला कोंडून तह करायला लावला. आमच्या कोळवणहून हाडशीच्या बाजूने तिकोन्याकडे गेले की पलीकडे पवन मावळ, आणि त्यापुढे वडगाव. जे इंग्रज अमेरिकेत हरत होते ते आमच्या शेजारच्या मावळातही हरत होते, हे मी वर्गात कधी सांगितले नाही. यॉर्कटाऊनला १७८१ मध्ये शरण आलेला सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी, १७८६ मध्ये, हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला आणि १७९३ मध्ये त्याने बंगालची कायमधारा पद्धत लावली. तिकडे कर बसवायचे जमले नाही, म्हणून इकडे बसवले, असे कोणी गमतीने म्हटले तर अगदीच चूक नाही.

असो. आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पेशवाईत सगळे आबादीआबाद होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने दिल्या जात आणि इजारदार रयतेला पिळून काढी. पण एक गोष्ट होती. गावाचा सारा ठरताना पाटील मामलेदारासमोर बसे आणि घासाघीस करी. यंदा पाऊस कमी, अमकी जमीन पड राहिली, तमके कुळ परागंदा झाले, असे रडगाणे गायचे, मामलेदाराने डोळे वटारायचे, आणि शेवटी मध्ये कुठेतरी आकडा ठरायचा. त्यात पाटलाचाही स्वार्थ असे, लबाडीही असे. पण विचारणा होती. गावाच्या वतीने कोणीतरी समोर बसलेला असे.

कंपनी सरकारला ही घासाघीस पसंत नव्हती. साहेबाला नियम हवा होता. १८२० च्या दशकाच्या शेवटी प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात मोजणी केली. इंग्लंडात शिकलेले अर्थशास्त्र त्याच्या डोक्यात होते. जमिनीचे उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नातले शेकडा ५५ सरकारने घ्यायचे. कागदावर हिशेब चोख. पण निव्वळ उत्पन्न ठरवायचे कोणी, तर हाताखालच्या कारकुनांनी, आणि त्यांचे हात ओले झाले की चांगली जमीन हलकी होई आणि हलकी जमीन चांगली. शिवाय त्याच सुमारास धान्याचे भाव पडले. वसुलीसाठी रयतेचा अमानुष छळ झाला, हे पुढे सरकारी कागदांतच नमूद झाले.

मग रयतेने काय केले? अमेरिकेत सभा होत्या, छापखाने होते, वकील होते. इंदापूरच्या शेतकऱ्याजवळ यातले काहीच नव्हते. त्याच्याजवळ दोन पाय होते. त्याने बैल सोडले, बायकापोरे घेतली आणि निजामाच्या मुलखाची वाट धरली. गावेच्या गावे ओस पडली, जमिनी पड राहिल्या. याला इतिहासाच्या पुस्तकात कोणी 'चळवळ' म्हणत नाही. पण सरकारला नाही म्हणण्याची ती आपली सर्वांत जुनी रीत आहे. आणि ती लागू पडली. प्रिंगलची आकारणी सरकारला गुंडाळावी लागली.

याच काळात पुरंदरच्या डोंगरात उमाजी नाईक उठला होता. भिवडीचा हा रामोशी वीर आपल्याला शूर म्हणून माहीत आहे, पण १८३१ मध्ये त्याने जाहीरनामा काढला होता हे फार थोड्यांना माहीत असते. त्यात त्याने गावांना बजावले होते, की इंग्रजांना सारा देऊ नका. म्हणजे बंडखोरालाही बरोबर कळले होते, की राज्य साऱ्यावर उभे असते. तो आटला की राज्य आटले. त्याच वर्षाच्या शेवटी भोरजवळ उत्रोळीला तो पकडला गेला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर गेला.

प्रिंगल फसल्यावर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी इंदापुरात नव्याने काम सुरू केले. आपल्या सातबाऱ्याचे मूळ तिथे आहे. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचे त्रैराशिक सोडून दिले. साखळीने जमीन मोजली, मातीचा पोत पाहून आण्यांत प्रत लावली, आणि तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आज पुण्यातले लोक आमच्या खोऱ्यात येऊन 'दहा गुंठे मिळतील का' म्हणून विचारतात, तो गुंठा त्या साखळीतून आला. खडकाळ भाग साऱ्यातून वगळून 'पोटखराब' म्हणून लिहायचा, हीसुद्धा त्याच मोजणीची रीत.

नवे दर पहिल्यापेक्षा बरेच हलके होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पळून गेलेली कुळे परत आली, पड जमीन लागवडीला आली. तरी एक फरक कायमचा पडला. पाटलाची घासाघीस संपली. आता माती पाहणारा येई, साखळी ओढली जाई, हिरव्या-तांबड्या शाईत आकडा लिहिला जाई. रयतेने ऐकायचे. दर कमी की जास्त हे साहेबाच्या मर्जीवर आणि हुशारीवर. साहेब चांगला निघाला तर रयतेचे नशीब.

रयतेला हे कळत नव्हते असे नाही. डिसेंबर १८५२ मध्ये हीच मोजणी खानदेशात पोचली, तेव्हा सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, एरंडोल या भागांत हजारो शेतकरी एकत्र आले. मोजणीच्या अधिकाऱ्यांच्या तंबूंपुढे जाऊन बसले. आमची जमीन मोजू नका, एवढेच मागणे. अजून आकारणी जाहीर व्हायची होती, सारा वाढेल की कमी होईल हेही ठाऊक नव्हते, तरी लोक साखळीलाच नको म्हणत होते. मला हे वाचताना बोस्टनचा स्वस्त चहा आठवला. सरकारने फौज आणली, पुढारी पकडले आणि मोजणी पुढे चालू केली. १८५७ च्या आधी पाच वर्षे घडलेली ही गोष्ट, आणि आमच्या इतिहासाच्या पुस्तकात तिला दोन ओळीही नव्हत्या.

आता तीस वर्षे पुढे जाऊ. १८६६-६७ च्या सुमारास इंदापूरची मुदत संपली आणि फेरआकारणी आली. इथे पुन्हा अमेरिका मध्ये येते. १८६१ ते १८६५ तिकडे यादवी युद्ध चालू होते. अमेरिकेचा कापूस बंद पडला, इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस लागू लागला आणि इकडे भाव कडाडले. धान्यही महागले. बोरघाटातून रेल्वे झाली, रस्ते झाले, मजुरीचा पैसा खेळू लागला. फेरआकारणीच्या अधिकाऱ्यांनी ही तेजी पाहिली आणि त्या हिशेबाने नवे दर बांधले. इंदापूर, भीमथडी, हवेली, पाबळ, एकेका तालुक्यात सारा वाढत गेला. काही गावांत तो दुपटीच्या घरात गेला. पण अमेरिकेतले युद्ध संपले होते, कापूस उतरला होता, आणि सत्तरीच्या सुरुवातीला धान्याचेही भाव कोसळले. तेजी चार वर्षांची आणि सारा तीस वर्षांचा!

या वेळी मात्र पुण्यात एक नवी गोष्ट होती. २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. निमित्त पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींचे. पुढाकार गणेश वासुदेव जोशी यांचा, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत. या सभेचा एक नियम माझ्या फार मनात भरला. कोणीही उठून सभासद व्हायचे नाही. किमान पन्नास लोकांनी सही करून दिलेले मुखत्यारपत्र आणायचे, की हा आमच्या वतीने बोलेल. सुरुवातीलाच ९५ सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या.

थांबून विचार करा. सरकारने निवडणूक दिलेली नाही, विधिमंडळात आपला निवडलेला एकही माणूस नाही. अशा वेळी हे लोक स्वतःच मुखत्यारपत्रे गोळा करतात आणि म्हणतात, आम्ही प्रतिनिधी. अमेरिकेत आधी सभा होत्या, मग कराचे भांडण झाले. आपल्याकडे कराचे भांडण होते, पण ते भांडायला सभाच नव्हती, म्हणून ती मुखत्यारपत्रांतून उभी करावी लागली. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर मी इथे बोट ठेवीन.

१८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले आणि सभेला डोके मिळाले. काका पायाने फिरणारे, रानडे आकड्यांचे. सभेने एक उपसमिती नेमून शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली, फेरआकारणीचे परिणाम तपासले आणि १८७३ मध्ये अहवाल छापला. इंदापूरकडच्या रयतेने सारा भरायला खळखळ केली, त्याला पुण्याच्या आकडेवारीचे बळ मिळाले. आणि १८७४ मध्ये सरकारने मर्यादा घातली. फेरआकारणीत तालुक्याचा किंवा गावांच्या गटाचा सारा शेकडा ३३ पेक्षा जास्त वाढवायचा नाही, एका गावाचा ६६ पेक्षा नाही, आणि एका खातेदाराचा शंभरपेक्षा नाही. म्हणजे त्याआधी काय वाढ होत होती याचा अंदाज या आकड्यांवरूनच करावा.

सभा इथे थांबली नाही. १८७४-७५ च्या सुमारास तिने थेट इंग्लंडच्या पार्लमेंटला अर्ज पाठवला, की हिंदुस्थानच्या प्रतिनिधींना पार्लमेंटमध्ये जागा द्या. आमच्या पैशाचा हिशेब तुम्ही तिथे करता, तर आमचे लोक तिथे हवेत. फळ्यावर मी वर्षानुवर्षे जी घोषणा लिहीत आलो, ती शंभर वर्षांनंतर पुण्यातून लंडनला टपालाने गेली होती. मी ज्या शहरात बी. ए. ला शिकलो त्या शहरातून! अर्जाचे काही झाले नाही, हे वेगळे सांगायला नको.

खेड्यात मात्र अर्जाची वाट पाहायला वेळ नव्हता. सारा रोख रकमेत आणि ठरल्या तारखेला भरायचा. पीक विकून पैसा हाती येण्याआधी हप्ता दारात उभा. मग सावकाराकडे जायचे, स्टँपाच्या कागदावर अंगठा द्यायचा. कोर्ट अंगठा पाहते, पाऊस पाहत नाही. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यात करडे गावी एका सावकाराने कोर्टाच्या हुकमाच्या आधाराने तिथल्या देशमुखाचे घर पाडायला घेतले. गावाने सावकाराशी व्यवहार तोडला. कोणी त्याच्या शेतावर जाईना, पाणी भरीना, न्हावी हजामत करीना. शेवटी त्याला शिरूरला जाऊन राहावे लागले. आयर्लंडमध्ये कॅप्टन बॉयकॉटवर बहिष्कार पडून तो शब्द इंग्रजीत आला १८८० मध्ये. करड्याने त्याच्या सहा वर्षे आधी हे करून दाखवले होते.

पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात ठिणगी पडली. तिथून पुणे आणि नगर जिल्ह्यांत तीसेक गावांत वणवा पसरला. लोकांना हवे होते कागद. खतपत्रे, हुकूमनामे, वह्या. सावकाराने ते मुकाट्याने दिले तर बहुतेक ठिकाणी त्याला हात लावला नाही. चौकात ढीग घातला आणि पेटवला. बोस्टन-न्यूयॉर्कच्या लोकांनी स्टँप ॲक्टच्या वेळी सरकारी शिक्क्याचे कागद जाळले होते. सुप्याच्या लोकांनी तेव्हा अमेरिकेचे नावही ऐकले नसेल.

पण फरकही आहे, आणि तो दडवणे बरे नाही. अमेरिकेतला राग सरकारवर होता. आपल्याकडे राग सावकारावर निघाला आणि सरकार बाजूला राहिले. चौकशी कमिशन बसले, त्यात साऱ्याच्या वाढीचा दोष किती यावर वाद झाला, आणि १८७९ मध्ये जो कायदा आला तो सावकारीला आवरणारा होता. सारा तसाच राहिला. त्याआधीच १८७६-७७ चा दुष्काळ येऊन माणसे रस्त्यावर मेली होती. तो दुष्काळ डोळ्यांनी पाहून वासुदेव बळवंत फडके पेटले, हे सर्वांना माहीत आहे. त्यांच्या खटल्यात बचावाला उभे राहिले ते सार्वजनिक काकाच.

आता थोडे कडू. पन्नास सह्यांचे मुखत्यारपत्र म्हटल्यावर मला फार आनंद झाला होता. पण सही करणार कोण? ज्याला अक्षर येते, निदान ज्याच्यापर्यंत पुण्याचा माणूस पोचतो, तो. सभेत सरदार, इनामदार, वकील, पेन्शनर. नांगर धरणारा कुठे होता? हा प्रश्न जोतिराव फुल्यांनी त्याच काळात विचारला आणि सभेवर कडक टीका केली. 'शेतकऱ्याचा असूड' वाचताना आजही अंगावर वळ उठतात. साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाई. त्यातले दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा शाळांना. फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे सांगितले, की सरकारचा पैसा येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि शिकतात मात्र वरच्या वर्गांची मुले.

मंडळी, मी जन्मभर मास्तरकी केली. खेड्यातल्या शाळा त्या आण्याच्या तिसऱ्या हिश्श्यातून उभ्या राहिल्या. म्हणजे माझ्या खुर्चीखाली कोणाचे तरी भात आहे. आणि मी त्याच भातवाल्याच्या पोराला म्हणालो, बस खाली. विचारल्याशिवाय कर नाही ही घोषणा फळ्यावर, आणि वर्गात प्रश्न विचारायला बंदी! अमेरिकावाल्यांचेही असेच होते म्हणा. स्वातंत्र्य मागणाऱ्या कितीतरी पुढाऱ्यांच्या घरी गुलाम होते, आणि ज्या जमिनीसाठी ते लढत होते ती तिथल्या मूळ रहिवाशांची होती. पण दुसऱ्याचे मुसळ दाखवून आपले कुसळ लपत नाही. माझे तर कुसळही नव्हते.

पुढचे थोडक्यात. १८९६-९७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभा टिळकांच्या हाती होती. सभेने सरकारच्याच फॅमिन कोडचे मराठी करून गावोगाव माणसे पाठवली. पीक बुडाले असेल तर सूट-तहकुबी मागायचा तुमचा हक्क आहे, घरातली भांडी विकून सारा भरू नका, हे शेतकऱ्याला पहिल्यांदाच कोणी त्याच्या दारात जाऊन सांगितले. अर्ज लंडनला जाण्याऐवजी कायदा खेड्यात आला. सरकारला हे इतके झोंबले, की मार्च १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली. १९२८ ची बार्डोली आणि १९३० चे मीठ हे त्यापुढचे, पुस्तकात असलेले. आणि आमच्या मुळशी पेट्यात १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, त्यात साऱ्याचा नाही पण प्रश्न तोच होता. आमची जमीन बुडवायची हे ठरवताना आम्हांला कोणी विचारले? त्यावर स्वतंत्र लिहायचे आहे.

तर हे उत्तर. आपल्याकडेही लोक म्हणाले होते. कोणी घर सोडून म्हणाले, कोणी तंबूपुढे बसून, कोणी मुखत्यारपत्र लिहून, कोणी कागद जाळून. त्यांच्याकडे फळ्यावर लिहिण्यासारखी घोषणा नव्हती, म्हणून ते आमच्या धड्यात आले नाहीत.

गेल्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो आणि हे सगळे वाचून दाखवले. खाचरात आवणी उरकली होती, बाहेर पाऊस होता. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हंजी म्हणलं व्हतं की कुणीतरी."

"होय," मी म्हणालो. "आणि तेव्हा मला माहीत नव्हतं. तसं सांगायला हवं होतं."

तो काही बोलला नाही. आत वळून बायकोला म्हणाला, गुर्जींना चहा टाक. त्याची नववीतली नात दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारले, "आजोबा, त्या मुखत्यारपत्रावर बायांच्या सह्या होत्या का?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही. बघून सांगतो."

बघतो आहे. तोवर नातेवाईक मंडळींना एक विनंती. गावाकडच्या घरात, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत साऱ्याच्या पावत्या, खाचराचे कागद, आजोबा-पणजोबांचे अर्ज असतील, तर ते रद्दीत घालू नका. नुसता फोटो पाठवलात तरी चालेल. मोडी वाचायला मी अजून विसरलेलो नाही.